योगक्षेम आणि व्यापारपत्राची इंग्रजी



मठाच्या व्यासपीठावरून व्यापाराच्या इंग्रजीविषयी विवेचन व्हावे, हे प्रथमदर्शनी अनेकांस विसंगत वाटेल. ज्या पाठशाळेत पाणिनीची सूत्रे घोकली जातात, तेथे मालाच्या भावाची आणि परभाषेतील पत्रांची चर्चा कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या शंकेचे समाधान एका संस्कृत शब्दातच सापडते. तो शब्द योगक्षेम होय. भाष्यकारांनी त्याचा अर्थ असा सांगितला आहे की, जे अद्याप मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळालेले आहे त्याचे रक्षण करणे हे क्षेम. आजच्या व्यापारी इंग्रजीत 'ऑपॉर्च्युनिटी' आणि 'थ्रेट' हे जे दोन शब्द प्रत्येक अहवालात भेटतात, त्यांचा विषय याहून वेगळा नाही. संधी ही योगाची बाजू आणि धोका हा क्षेमाचा प्रश्न. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपल्या मुंबईतील मुख्य कार्यालयाच्या वास्तूस 'योगक्षेम' हेच नाव दिले, यावरून हा शब्द केवळ पोथीतला नाही हे ध्यानात येईल.

या शब्दाच्या रचनेकडेही लक्ष दिले पाहिजे. योग आणि क्षेम यांचा येथे द्वंद्व समास झाला आहे. दोन्ही पदे समान महत्त्वाची असून एक उच्चारताच दुसरे येते. व्यापाराच्या लेखनात नेमके हेच घडावयास हवे. संधी आणि धोका यांचे निवेदन एकाच पत्रात, सारख्याच स्पष्टतेने आणि आकड्यांसह झाले पाहिजे. हा आजच्या विवेचनाचा मुख्य सिद्धांत होय. त्याचा पुरावा शोधण्यासाठी दूर जावयास नको. तो याच नगरीच्या इतिहासात आहे.

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली स्थापन झाली. तिचा एक कप्तान विल्यम हॉकिन्स हा १६०९ मध्ये सुरतेहून आग्र्यास जात असता बऱ्हाणपुरास थांबला आणि खानखानान अब्दुर्रहीम यास भेटला. ही भेट इंग्रजीत झाली नाही. दोघांचे संभाषण तुर्की भाषेत झाले. पुढे जहांगीर बादशहाशीही हॉकिन्स तुर्कीतच बोलला आणि दरबारात त्याचा प्रवेश सुकर झाला, तो या भाषाज्ञानामुळेच. आज व्यापाराची भाषा म्हणजे इंग्रजी असे जे समीकरण रूढ झाले आहे, ते अनादी नाही. सव्वाचारशे वर्षांपूर्वी याच शहरात इंग्रज व्यापाऱ्यास परक्या भाषेच्या दारातून आत यावे लागले होते. ज्याला विकावयाचे असते तो विकत घेणाऱ्याची भाषा शिकतो, हा नियम तेव्हा त्याला लागू होता व आज येथील व्यापाऱ्यास लागू आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला. त्या वेळी येथे शहाजादा परवीझ याचा मुक्काम होता. रो याने त्याची भेट घेऊन इंग्रजांस या शहरात वखार घालण्याची परवानगी मिळविली. बऱ्हाणपूर ही दक्षिणेच्या मोहिमेवर असलेल्या मोगली फौजेची मुख्य छावणी. सरदार, मनसबदार आणि त्यांचा लवाजमा यांची येथे दाटी असे. विलायती लोकरी कापड, तलवारीची पाती, शिसे अशा मालास येथे गिऱ्हाईक मिळेल, ही इंग्रजांची अपेक्षा. आणि तापीकाठच्या विणकरांचे सुती कापड स्वस्तात घ्यावे, हा त्यांचा दुसरा हेतू. सतराव्या शतकाच्या मध्यास येथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे की, बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्थान, अरबस्तान, कैरो, एवढेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे.

बऱ्हाणपूर, सुरत, आग्रा आणि अहमदाबाद येथील वखारींच्या गुमास्त्यांनी लिहिलेली पत्रे लंडनला जपून ठेवण्यात आली. विल्यम फॉस्टर याने १९०६ पासून त्यांचे सार खंडशः प्रसिद्ध केले, म्हणून ती आज वाचता येतात. या पत्रांत साहित्यगुण शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. त्यांचे महत्त्व त्यांच्या शिस्तीत आहे. कोणता माल विकला, कोणता पडून राहिला, उधारी कोणाकडे अडकली, कापडाचा भाव काय, हुंडणावळ किती, रस्ता सुरक्षित आहे की नाही, अंमलदार अनुकूल आहे की प्रतिकूल, या सर्वांचे निवेदन एकाच कागदावर येते. छावणीमुळे गिऱ्हाईक आहे ही संधी. पण तेच गिऱ्हाईक सरदार असल्यामुळे उधारी वसूल होत नाही हा धोका. फौजेमुळे मागणी आहे. पण फौज आहे म्हणजे युद्धही आहे. १६२० मध्ये मलिक अंबराच्या सैन्याने बऱ्हाणपुरास वेढा घातला व खानखानान शहरातच अडकून पडला, तेव्हा हा धोका प्रत्यक्ष दाराशी आला. नफ्याचे आणि नुकसानीचे मूळ एकच असू शकते, हे या व्यवहारातून शिकण्यासारखे आहे.

१६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि खानदेश यांवर भीषण दुष्काळ कोसळला. त्या वेळी शहाजहान बादशहाचा तळ बऱ्हाणपुरात होता. मुमताजमहलचा मृत्यूही येथेच जून १६३१ मध्ये झाला. पीटर मंडी हा कंपनीचा नोकर याच वेळी सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेत पाहिलेल्या प्रेतांचे आणि ओस गावांचे त्याने केलेले वर्णन आजही मन विषण्ण करते. कंपनीच्या पत्रांत त्याच दुष्काळाची नोंद निराळ्या स्वरूपात आढळते: विणकर मेले किंवा परागंदा झाले, सूत मिळेनासे झाले, कापड महागले. मंडीच्या वर्णनात माणसाचे दुःख दिसते आणि पेढीच्या पत्रात त्याचा हिशोब होतो. व्यापारी भाषेची शक्ती आणि तिची उणीव या दोन्ही गोष्टी येथे एकदमच प्रकट होतात. 'सप्लाय' कमी झाला, असे लिहिणाऱ्याने तो शब्द म्हणजे एका वेळी हजारो घरांतील विझलेल्या चुली आहेत, हे विसरता कामा नये. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तिचा नेमकेपणा अवश्य घ्यावा. तिची कोरडी दृष्टी घेण्याचे त्याच्यावर बंधन नाही.

सर टॉमस रो याने १६१६ च्या नोव्हेंबरात कंपनीस जे पत्र धाडले, ते या दृष्टीने विशेष प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानात किल्ले आणि फौजा ठेवण्याच्या मोहात पडू नये, पोर्तुगीज लोक अशाच खर्चाने निर्धन झाले, नफा हवा असल्यास तो समुद्रावर आणि शांततेच्या व्यापारात शोधावा, असा त्याचा सल्ला होता. दरबाराचा मान आणि बाजारातील फायदा मिळत असताना त्याने धोक्याचीही स्पष्ट सूचना दिली. त्याच्या धन्यांनी पुढील काळात हा सल्ला किती पाळला, हे हिंदुस्थानला पुरते ठाऊक आहे.

येथे एक प्रश्न उरतो. ही पत्रे लिहिली जात होती तेव्हा बऱ्हाणपूरचे सावकार, दलाल आणि विणकर यांना त्यातले काय कळत होते? त्यांच्या मालाविषयी, त्यांच्या पतीविषयी आणि त्यांच्या गरजेविषयी दूरच्या लोकांना लेखी माहिती मिळत होती. त्यांना मात्र त्या लोकांविषयी ऐकीव माहितीवर विसंबावे लागत होते. एका पक्षाजवळ कागद आणि दुसऱ्याजवळ केवळ भरवसा, अशा व्यवहारात भरवसा ठेवणारा मागे पडतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न ओळखणारा मुत्सद्दी झाला नाही असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास रचलेल्या आज्ञापत्रात सावकारांविषयी एक प्रकरण आहे. सावकार हे राज्याची शोभा होत, त्यांना बोलावून आणावे, त्यांचा मान राखावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच ओघात टोपीकरांविषयी सावधगिरीचा इशाराही आहे. हेही सावकारी करतात, पण इतर सावकारांसारखे नाहीत. यांच्यामागे यांचे राजे आहेत. म्हणून व्यापारापुरती ये-जा होऊ द्यावी, समुद्रकिनाऱ्यावर ठाणे देऊ नये, वखारीस जागा द्यावयाची झाल्यास ती कोठे व कशी द्यावी याचे नियम ठरवावेत, असा तो विचार आहे. व्यापार बंद करा असे अमात्यांनी म्हटले नाही, आणि दार सताड उघडा असेही म्हटले नाही. संधी व धोका यांचा एकत्र विचार स्वभाषेत कसा करावा, याचा हा उत्तम नमुना आहे. असा विचार करण्याचे सामर्थ्य कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे नसते.

या परंपरेचे मूळ आणखी मागे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, राजपत्रे कशी लिहावीत याचा स्वतंत्र अध्याय आहे. हा ग्रंथ म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून तीन भागांत प्रकाशित केली. कौटिल्याने लेखाचे सहा गुण सांगितले आहेत. मुख्य मुद्दा आधी आणि बाकीचे यथाक्रम, हा अर्थक्रम. पुढचे वाक्य मागच्याशी विसंगत नसणे, हा संबंध. शब्द, कारणे व दाखले यांत न्यून नाही आणि अधिकही नाही, ही परिपूर्णता. सहज कळेल असे रमणीय शब्द योजणे हे माधुर्य. ग्राम्य शब्द टाळणे हे औदार्य. आणि सर्वांच्या परिचयाचे शब्द वापरणे हे स्पष्टत्व. दोषही त्याने पाच सांगितले आहेत: मळका कागद व वेडेवाकडे अक्षर ही अकांती, मागचे पुढचे न जुळणे हा व्याघात, पुनरुक्त, व्याकरण चुकणे हा अपशब्द, आणि मजकुराचे परिच्छेद नीट न पाडणे हा संप्लव. इंग्रजी पत्रव्यवहाराची आधुनिक पाठ्यपुस्तके याहून फार वेगळे काही सांगत नाहीत. पाठशाळेच्या विद्यार्थ्याने व्यापारी इंग्रजीकडे परकी विद्या म्हणून भीतीने पाहण्याचे कारण नाही. तिचे नियम त्याने आपल्या ग्रंथांत आधीच वाचलेले आहेत.

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. इंग्रजीतील 'ऑपॉर्च्युनिटी' हा शब्द मूळ लॅटिनमधला असून त्यात बंदराकडे नेणाऱ्या अनुकूल वाऱ्याची कल्पना आहे. वारा जहाजवाल्याच्या हातात नसतो. शीड उभारणे हाती असते. म्हणून या शब्दाबरोबर मुदत सांगावी लागते. संधी आहे एवढे लिहून भागत नाही. ती कोणत्या महिन्यापर्यंत आहे आणि ती साधण्यासाठी काय करावे लागेल, हे न लिहिल्यास वाचणारा ती बढाई समजतो. 'थ्रेट', 'रिस्क' आणि 'चॅलेंज' हे तीन शब्दही एकमेकांऐवजी वापरण्याजोगे नाहीत. 'थ्रेट' म्हणजे बाहेरून येणारे संकट. उदाहरणार्थ, पिकावरील रोग. 'रिस्क' म्हणजे त्या संकटाने नुकसान होण्याचा संभव, ज्याचे मोजमाप करता येते व विमाही उतरता येतो. 'चॅलेंज' हा सौम्य शब्द आहे; धोक्यास शोभिवंत वस्त्र नेसवावयाचे असले की लोक तो वापरतात. ज्या पत्रात प्रत्येक संकट 'चॅलेंज' म्हणून येते, त्या पत्राच्या लेखकास काहीतरी झाकावयाचे आहे असे अनुभवी वाचक समजतो.

याहूनही महत्त्वाची आहेत ती लहान साहाय्यक क्रियापदे. 'वुई शॅल डिलिव्हर' असे लिहिले म्हणजे माल पोहोचविण्याचे बंधन पत्करले. 'वुई एक्स्पेक्ट टू डिलिव्हर' म्हणजे तशी अपेक्षा आहे. 'वुई मे डिलिव्हर' म्हणजे पोहोचवू किंवा न पोहोचवू. तिन्ही वाक्यांचे मराठीत घाईने 'माल पोहोचवू' असेच भाषांतर होते आणि त्यात फसगत होते. मीमांसाशास्त्र शिकलेल्यास हा भेद सांगावा लागत नाही. वेदवाक्यांत विधी कोणता आणि अर्थवाद कोणता, म्हणजे आज्ञा कोणती आणि स्तुती कोणती, हे वेगळे काढण्याची त्या शास्त्रात सवय लागते. व्यापारी पत्रातही तसेच आहे. 'शॅल' असलेले वाक्य विधीचे. 'सर्वोत्कृष्ट', 'जागतिक दर्जाचे' ही विशेषणे अर्थवादाची. पैशाचा प्रश्न उद्भवला की विधिवाक्यच पाहिले जाते. 'सब्जेक्ट टू', 'अनलेस' आणि 'प्रोव्हायडेड दॅट' हे शब्द ज्या वाक्यात येतील ते दोनदा वाचावे, कारण तेथे वचनास अट जोडलेली असते. सुताचा भाव न बदलल्यास ही किंमत राहील, असे 'सब्जेक्ट टू' लावून लिहिणारा आपले क्षेम राखतो; ते न लिहिणारा सुताची तेजी स्वतःच्या गळ्यात बांधून घेतो.

बऱ्हाणपूरच्या आजच्या दोन मुख्य व्यवसायांवर हे सारे लागू करून पाहावे. पहिला यंत्रमागाचा. येथील अनेक मागवाले व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. गमछा, लुंगी, बकरम असा माल तयार होतो. परंतु ज्या मागणीपत्रावरून तो विणला जातो ते मागवाल्याच्या दृष्टीस पडत नाही. भाव वाढला हे त्याला शेवटी कळते आणि मागणी घटली हे माग थांबल्यावर कळते. ताप्ती मिलचे माग २०२० च्या टाळेबंदीत थांबले, तेव्हा एखाद्या गिरणीचे दार बंद होणे म्हणजे काय, हे शहराने अनुभवले. घरातील एका मुलाला किंवा मुलीला मागणीपत्र वाचता आले, मुदत, प्रत आणि रक्कम चुकती करण्याच्या अटी समजल्या, तर मजुरीचा सौदा करताना त्या घराची बाजू निश्चित बळकट होते.

दुसरा व्यवसाय केळीचा. एक जिल्हा एक उत्पादन या योजनेत बऱ्हाणपूर जिल्ह्यासाठी केळीची निवड झाली आहे. येथील बाजाराच्या भावाकडे शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्यांचेही लक्ष असते. आखाती देशांत केळीस मागणी आहे ही संधी. पण केळी हा नाजूक माल आहे. तेरा अंशांच्या खाली थंडी गेली की सालीवर काळेपणा येतो, आणि उष्णता वाढली तर फळ वाटेतच पिकते. कुकुंबर मोझॅक विषाणूसारख्या रोगाने बागा उपटण्याची वेळ येते. निर्यातीच्या पत्रात 'एफ. ओ. बी.' ही तीन अक्षरे असली, तर माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची. 'सी. आय. एफ.' असल्यास जहाजभाडे आणि विमा विकणाऱ्याने भरावयाचा, तथापि जहाजावर माल चढल्यापासून जोखीम विकत घेणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय व्यापारमंडळाने १९३६ पासून या संज्ञांचे अर्थ ठरवून दिले आहेत. बऱ्हाणपूर समुद्रापासून शेकडो कोस दूर. त्या रस्त्यावरील प्रत्येक तासाची जोखीम कोणाची, हे तीन अक्षरांवर ठरते. ती न वाचता केलेली सही वर्षाच्या पिकाची किंमत मागू शकते.

कोणी म्हणेल की, आता यंत्रे क्षणात भाषांतर करून देतात; मग हा खटाटोप कशाला? यंत्राने केलेली इंग्रजी गुळगुळीत असते हे खरे. परंतु 'बघतो, जमेल तर पाठवतो' या मराठी वाक्यातील 'जमेल तर' गळून त्या जागी ठाम 'शॅल' आला, तर बांधील राहावे लागते ते सही करणाऱ्यास. यंत्राचा उपयोग जरूर करावा, पण त्याने लिहिलेले तपासण्याइतकी भाषा स्वतःस आली पाहिजे. आणि मुळात काय लिहावयाचे हे ठरविण्याचे काम स्वभाषेतच उत्तम होते. आधी मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत, जी घरची भाषा असेल तीत, एका बाजूस योग आणि दुसऱ्या बाजूस क्षेम असे दोन रकाने आखावेत. प्रत्येक संधीसमोर तिची मुदत, रक्कम आणि माहितीचा स्रोत लिहावा. प्रत्येक धोक्यासमोर तो आल्यास काय करणार हे लिहावे. ज्या संधीसमोरचा रकाना रिकामा राहतो, तिचा विचार अजून पुरा झालेला नाही असे समजावे. त्यानंतरच इंग्रजी पत्र लिहावयास घ्यावे. असे पत्र लहान वाक्यांचे, साध्या शब्दांचे आणि तरीही विश्वास उत्पन्न करणारे होते.

धोका कळविल्याने गिऱ्हाईक जाईल, अशी भीती व्यापाऱ्यांच्या मनात फार खोल रुजलेली आहे. अनुभव बहुधा उलट असतो. माल आठ दिवस उशिरा येईल असे ज्याने आधी कळविले, त्याच्यावर दूरचा ग्राहक पुढच्या वेळी विश्वास टाकतो. मुदत उलटल्यावर सबब सांगणाऱ्यावर टाकत नाही. दूरदेशीच्या ग्राहकाने त्या व्यापाऱ्याचे दुकान पाहिलेले नसते, त्याचा चेहरा पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे असतो तो केवळ कागद. तेव्हा त्या कागदातील सत्य हीच त्या व्यापाऱ्याची पत होय.

मठाच्या या उत्सवप्रसंगी पाठशाळेने एक लहानसा उपक्रम हाती घ्यावा, अशी विनंती येथे करावीशी वाटते. आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळचा एक तास, गावातील मागवाल्यांच्या व केळी उत्पादकांच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा. त्या तासात एक खरे मागणीपत्र वाचावे, त्यातील विधी आणि अर्थवाद वेगळे काढावेत, आणि त्याचे उत्तर आधी स्वभाषेत व मग इंग्रजीत लिहावे. कौटिल्याचे सहा गुण आणि पाच दोष भिंतीवर लिहून ठेवले म्हणजे तपासणीस दुसरे साधन लागणार नाही. त्यासाठी मोठे द्रव्य नको, नवी इमारत नको. ज्या शहराविषयी चारशे वर्षांपूर्वी परक्यांनी पत्रे लिहिली, त्या शहराची मुले आता स्वतःच्या मालाविषयी स्वतः पत्रे लिहू लागली, तर त्यांचा योग आणि क्षेम दोन्ही त्यांच्या हाती येतील.